सफाईमित्राची हकालपट्टी

कॉम्प्युटर चालू केला की चार-पाच चौकटी आपण होऊन उघडतात आणि आपण त्यांच्याकडे न बघता ‘मान्य’, ‘मान्य’, ‘नंतर’ करत पुढे जातो. तुम्हीही जाता, मीही जातो. खोटं कशाला बोला! बूटकाकाही तेच करायचे.

बूटकाका म्हणजे पाय वाकडा पडणाऱ्या मुलांसाठी खास बूट बनवणारे कारागीर. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. भिंतीवर पावलांचे लाकडी साचे, खिडकीपाशी चामडं शिवायचं यंत्र आणि मधोमध जमिनीवर एक जाड काच. मूल काचेवर अनवाणी उभं राहिलं की तळपायाचा ठसा कॉम्प्युटरवर उमटायचा. काका मागचा ठसा आणि आताचा ठसा शेजारी ठेवून बघायचे, भार कुठल्या बाजूला सरकलाय ते ओळखायचे आणि त्या हिशेबाने बुटातली पाचर घासायचे. दोन महिन्यांच्या ठशांत फरक तो केवढा? केसाएवढा! पण त्या केसावरच पोराचं चालणं अवलंबून असायचं.

एका मंगळवारी बस चालवणारी एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं उजवं पाऊल आत वळायचं. आठ महिने ती काकांचे बूट घालत होती.

“काका, सोमवारी डॉक्टरीणबाई ऑपरेशनचं ठरवणार आहेत,” आई म्हणाली. “आठही महिन्यांचे ठसे आणा म्हणाल्यात. पाऊल सरळ होत असेल तर ऑपरेशन नको. नाहीतर…” पुढचं तिने मुलीसमोर बोलायचं टाळलं.

“एवढंच ना? आत्ता देतो,” म्हणत काकांनी मुलीचा कप्पा उघडला.

आत एकच ठसा होता. गेल्या महिन्याचा.

कोपऱ्यात एक हसरी चौकट उघडली: ‘सफाईमित्राने सारखी दिसणारी सात चित्रे आवरून कंपनीच्या साठ्यात हलवली. तुमचा कॉम्प्युटर आता स्वच्छ आहे!’

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुसऱ्या मुलाचा कप्पा उघडला, तिसऱ्या मुलाचा उघडला. सगळीकडे एकेकच ठसा! महिन्यापूर्वी सगळे ठसे भरून घेऊन जुना कॉम्प्युटर भंगारात दिला आणि नवा घेतला, तेव्हा हा सफाईमित्र त्यात आधीपासूनच बसलेला होता. आयत्या बिळावरचा नागोबा! ‘सारखी चित्रे आवरू का?’ असं त्याने कधीतरी विचारलं असणार, आणि काकांनी घाईत ‘मान्य’ केलं असणार.

त्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. “कंपनीकडूनच येतं ते, काका,” तो म्हणाला. “काढता येत नाही. सगळेच सहन करतात, तुम्हीही करा.”

“मग ऑपरेशनच का?” आईने हळूच विचारलं. काकांना तिच्या डोळ्यांत बघवेना. “बघतो मी काहीतरी,” एवढंच ते म्हणाले.

घरी काकांची आत्या होती. तिने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आता पंचाहत्तरी उलटली, तरी औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. काका जेवायला बसले आणि घास हातात धरूनच राहिले.

“काय झालंय? घशाखाली उतरत नाही असं काय शिजवलंय मी?” आत्याने विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. “चूक माझीच गं आत्या. मीच ‘मान्य’ दाबलं. कंपनीपुढे आपण कोण?”

“अरे वा रे वा! तू उद्या कपाट विकत आणलंस आणि आत एक माणूस बसलेला निघाला. तो म्हणाला, मी कपाटाबरोबरच येतो. तुझे कपडे मी बघणार, मला नको वाटतील ते उचलून नेणार. तर काय करशील?”

“हाकलून देईन!”

“मग याला का पोसतोयस? आणि दाबल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, ती कसली आली मान्यता? ती जबरदस्ती!” आत्या उठली आणि कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली. “या महिन्यापासून सरकारचा नवा नियम लागू झालाय. एकतीस पानं आहेत, मी दोनदा वाचलीत.”

“दोनदा?”

“पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा चुकांसाठी. तीन सापडल्या. ते सोड. ऐक! यंत्र चालायला जो प्रोग्राम लागत नाही, तो काढून टाकायचा हक्क वापरणाऱ्याचा आहे. काढला म्हणून वॉरंटी जात नाही. आणि त्या प्रोग्रामने तुझं जे काही आपल्याकडे नेलं असेल, ते तू लेखी मागितल्यापासून तीन दिवसांत कंपनीने परत द्यायचं.”

काका चुळबुळले. “दुकानदार ओळखीचा आहे गं. त्याला वाईट वाटेल.”

“भीड ही भिकेची बहीण!” आत्या कडाडली. “त्याला वाईट वाटू नये म्हणून त्या पोरीने ऑपरेशन करून घ्यायचं होय?”

काकांनी ताट बाजूला सारलं. ते उठले आणि रागारागाने अर्ज लिहायला बसले. आत्याने त्यातल्या चार चुका काढल्या, ही गोष्ट वेगळी.

बुधवारी सकाळी दुकान उघडताच दोघं हजर झाली. दुकानदार हसला. “आजी, हे असं काढलं तर वॉरंटी जाईल हं.”

आत्याने पिशवीतून भिंग काढलं आणि कागदासकट त्याच्या हातात दिलं. “कलम अकरा. मोठ्याने वाच.”

तो वाचू लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. “मोठ्याने म्हटलं ना!” आत्या म्हणाली. दुकानातली गिऱ्हाइकं जवळ सरकली.

“पण काका, एवढ्याशा प्रोग्रामसाठी कशाला…” दुकानदार पुटपुटला.

आणि आजवर कुणाला उलटून न बोललेल्या काकांनी गल्ल्यावर हात आपटला! “एवढासा? सात ठसे गेलेत माझे! एका मुलीचा पाय आहे त्यात! कॉम्प्युटर विकत मी घेतला, तर त्यात काय राहील आणि काय नाही ते मी ठरवणार. हा अर्ज घ्या, पोच द्या, आत्ताच्या आत्ता कंपनीला पाठवा!”

मग एक औषधविक्रेती म्हणाली, “माझ्याही मशीनवर आहे तो. मलाही काढून हवाय.” मागून अजून दोन हात वर झाले.

दुकानदाराने भिंग खाली ठेवलं. “खरं सांगू? माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरही हाच आहे. बायको रोज शिव्या घालते. मी कंपनीला कधी विचारलंच नाही. लोकांना मात्र ‘काढता येत नाही’ असं बिनदिक्कत सांगत आलो. चुकलंच माझं.” त्याने तिथेच शिक्का मारला आणि अर्ज पाठवला.

गुरुवारी कंपनीचं गोड उत्तर आलं, ‘आम्ही दिलगीर आहोत, धीर धरा.’ आत्याने कलमाचा आकडा टाकून एका ओळीचं उत्तर धाडलं, ‘धीर शनिवारपर्यंत आहे.’ शुक्रवारी काहीच आलं नाही. काकांनी दिवसभरात एकही बूट हातात घेतला नाही.

शनिवारी दुपारी आत्या डबा घेऊन कार्यशाळेत आली, तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. एक, दोन, तीन… सातही ठसे परत! पाठोपाठ बाकीच्या मुलांचेही! आणि खाली पहिल्यांदाच एक नवं बटण आलं होतं, ‘काढून टाका’. काकांनी आधी सगळा मजकूर सावकाश वाचला, शेवटपर्यंत वाचला, आणि मग बटण दाबलं.

“गेला!” काका ओरडले. “आत्या, गेला गं!”

“अरे, मग ओरडतोस काय? ठसे छापून घे आधी,” आत्या म्हणाली. आणि तिने स्वतःच कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी आठ ठसे ओळीने मांडले. पाऊल महिन्यामहिन्याला केसाकेसाने सरळ होत आलं होतं. “ऑपरेशनची गरज नाही,” त्या म्हणाल्या. आई खुर्चीत बसून ढसाढसा रडली.

पुढच्या वर्षी एका दुपारी ती मुलगी कार्यशाळेत धावत आली. पायांत लालभडक बूट होते. “काका, हे साध्या दुकानातले आहेत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुमचे नकोत!” काकांचं एक गिऱ्हाईक कायमचं सुटलं होतं, आणि त्या आनंदात त्यांनी त्या दिवशी कार्यशाळाच बंद ठेवली.

मंडळी, नियम चांगला होता, पण तो कागदावर निजलेला होता. एका म्हातारीने तो वाचला आणि एका भिडस्त माणसाने तो मागितला, तेव्हा कुठे तो उठून चालू लागला. आपल्या पैशाने आणलेल्या वस्तूवर मालकी आपली असते. ती कुणी आणून देत नाही, आपण सांगायची असते. ‘सगळेच सहन करतात’ असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल सांगा, “करत होते. आता नाही!”