सव्वा मूठ गहू

सुपात गव्हाचे आठ वाटे होते. प्रत्येक वाटा सव्वा मुठीचा, म्हणजे एकूण दहा मुठी. गेल्या वर्षी नऊ वाटे होते.

धरणगावला आमच्या घरी श्रावणात कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू असेच मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, मग तो घरी असो की परगावी. रोट सगळेच खातात, पण बायकांच्या नावाचा वाटा नसतो. हेमलताआत्या सतरा वर्षं फौजेत होती. तेव्हा सगळे तिला माझा काका समजत. ती बर्फात तैनात असतानाही एकाही श्रावणात तिची मूठ चुकली नव्हती.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तिने धुळ्याला खोली घेतली आणि स्वतःला हेमलता हे नाव दिलं. गेल्या वर्षी जगणंच नको वाटायला लागलं, तेव्हा ती स्वतःहून दवाखान्यात गेली आणि अकरा दिवस राहिली. तिथल्या समुपदेशक मॅडमनी तिला एक सवय लावली. मन कसं आहे ते रोज शून्य ते दहामधल्या एका आकड्यात कुणाला तरी सांगायचं. तीन किंवा कमी आला तर एकटं राहायचं नाही आणि मॅडमना फोन लावायचा. आत्या याला रिपोर्ट म्हणते. रिपोर्ट मला येतो, मी वहीत लिहिते. गेल्या साठ दिवसांची सरासरी सहा पूर्णांक चार.

शनिवारी दहाच्या बसने आत्या आली. कानबाईला साडीत येण्याची तिची ही पहिलीच वेळ. आईने दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये वं नणंदबाई. इतली वरीस दीर म्हनीसन मिरवनी. आते रुसाना हक्क शे तुले."

"बसमा शेजारनी बाईनी इचारं, साडी कोठे लिन्ही," आत्या ऐटीत म्हणाली.

"आकडा?" मी विचारलं.

"सात."

चहा पिऊन ती स्वयंपाकघरात गेली. सुपाकडे पाहून तिने बोटाने वाटे मोजले. मग एकदा पुन्हा मोजले. पिशवी उचलली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले.

"आत्या, आकडा?"

तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"तीन."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला, तो तिच्या हातात दिला आणि जागेवरूनच आईला हाक मारली. आई गव्हाच्या हातांनीच बाहेर आली.

"काय व्हयनं?"

"आठच वाटे आहेत," मी म्हणाले. "आत्याचा नाही."

आई मटकन खाली बसली. "अव माय. पुरुषस्मा मोजू तं तुना मनले लागी, अस वाटनं मले. तू बाई, म्हनीसन तुना वाटा काढा नही. मना बी नही, या पोरना बी नही."

"म्हंजे मी आते तुमना रांगमा?"

"मंग? पंचवीस वरीस शे मी तठे. कोनी इचारं नही, सुनिता, आकडा काय."

फोनवर मॅडम काय झालं ते विचारत होत्या. आत्याने फोन कानाला लावला.

"मॅडम, मला घाबरल्यासारखं झालं होतं. तीन आकडा होता. घरचे जवळ आहेत." मग तिने आईकडे पाहिलं. "झालं असं, की मला बाई म्हणून वगळलंय." हे बोलता बोलताच तिला हसू फुटलं. ते आवरेना. पलीकडून मॅडमही हसल्या, आणि संध्याकाळी पुन्हा फोन करते म्हणाल्या.

आई उठली. "चाल. बठ्ठास्ना मोजू. बायासना बी."

बाबा दारात उभे होते. "अशी रीत नही शे."

"रोट कोन लाटस?"

बाबांनी थोडा विचार केला. "मोजा," म्हणाले, आणि मला सगळं मोजायची खोड, म्हणून माझा वजनकाटा आणायला गेले.

सगळे गहू एकाच माणसाच्या हाताने मोजावे लागतात. आईने आठही वाटे मोडले आणि सूप आत्यापुढे सरकवलं. "तू मोज. फौजना हात शे, रोट मोठा व्हतीन."

आत्याने पदर खोचला आणि मांडी घातली. आई नावं घेत गेली, आत्या मूठ टाकत गेली. पाव मूठ ती बोटांनी अशी तोलत होती, की मला शंका घ्यायला जागाच नव्हती. आठ पुरुष झाले, मग पाच बायका झाल्या. तिथे तिचा हात गव्हातच थांबला.

"हेमलता," आई म्हणाली. "टाक ना वं. चक्की बंद व्हई जाई."

आत्याने मूठ टाकली, मग पाव टाकली.

मी एकेक वाटा काट्यावर ठेवला. सरासरी ऐंशी ग्रॅम, जास्तीत जास्त फरक चार ग्रॅमचा. संध्याकाळी सहाला मॅडमचा फोन येऊन गेल्यावर मी वहीत लिहिलं:

वाटे चौदा. मुठी साडेसतरा. वजन एक किलो एकशे वीस ग्रॅम. आकडा आठ.