रिकाम्या पोटी

"आइए, एक-एक करके देखिए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पांढऱ्या कोटातली मुलंमुली रांगेला लागली.

नंदाची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवलेली होती. डोळा उघडा ठेवायचा होता, हलायचं नव्हतं. पण हात हलत होतेच. मांडीवरच्या ओढणीत तिने ते गुंडाळून ठेवले होते, तरी ओढणी थरथरत होती. एकेक जण वाकून पलीकडच्या भिंगातून बघायचा, "येस मॅडम" म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. एक मुलगी जरा जास्त वेळ बघत राहिली. "ब्यूटिफुल," ती हळूच म्हणाली, आणि सुमित्राकडे लक्ष गेल्यावर तिने मान खाली घातली.

सुमित्राला तिचा राग आला नाही. लेकीच्या ओठांच्या कोपऱ्यातून सुटलेली लाळ तिने पदराने टिपली. दोनेक महिन्यांत हात आपोआप तिथे जायला लागला होता, जसा ती तान्ही असताना जायचा.

"आप भी देख लीजिए," रांग संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुमित्रा वाकली. नंदाचा डोळा तिला केवढा तरी मोठा दिसला. बुबुळाच्या कडेने एक कडं होतं, तपकिरी, मध्येच हिरवट, मध्येच सोनेरी. चिंच लावून घासायच्या आधी देवाचं ताम्हन दिसतं ना, अगदी तसं. एवढी वर्षं या डोळ्यांत काजळ घातलं, धूळ गेली तर फुंकर मारली. हे कधी आलं?

"ये ताँबा है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "और बच्चे हैं आपके?"

"एक बेटा था. विलास. इससे बड़ा."

"क्या हुआ था?"

"पीलिया. नौ साल का था."

बाईंनी वर बघितलं. मग विद्यार्थ्यांना त्या इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. सुमित्राला सगळं कळलं नाही, पण कळणाऱ्या मुलांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ते कळलं.

मग त्यांनी खुर्ची ओढून तिला बसवलं आणि हिंदीतून समजावलं. तांबं सगळ्यांच्याच अन्नात असतं. यकृतात एक प्रथिन असतं, ते तांब्याला धरतं आणि बाहेरच्या वाटेला लावतं. आईबापांकडून अर्धं-अर्धं आलेलं असं एक उणेपण असतं, की ते धरणारंच नीट तयार होत नाही. मग तांबं कुठेच जात नाही. आधी यकृतात साठतं, तिथून मेंदूत जातं, डोळ्यांत जातं. काही मुलं पहिल्याच टप्प्यावर जातात. त्याला लोक कावीळ म्हणतात.

"दवा है," त्या म्हणाल्या. "दवा ताँबे को केकड़े की तरह पकड़ लेती है. दोनों तरफ़ से. फिर पेशाब के रास्ते निकाल ले जाती है. उम्रभर लेनी पड़ेगी. सुबह, ख़ाली पेट."

सुमित्राने मान हलवली.

"घर में ताँबे के बर्तन तो नहीं? उनका पानी वग़ैरह?"

तिचा नवरा शशिकांत मागे उभा होता, हातात नंदाच्या तपासण्यांची पाकिटं घेऊन. दिल्लीतल्या मंत्रालयातल्या सवयीने त्याने ती तारखेप्रमाणे लावली होती. तो त्यांच्या कडा सारख्या करत राहिला. सुमित्रानेच सांगितलं.

विलास गेला तेव्हा नंदा पाच वर्षांची होती. तेराव्यानंतर सुमित्राची आई मिरजेहून येऊन महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "पोरीचं यकृत तरी सांभाळ. रात्री तांब्यात पाणी भरून ठेव, सकाळी रिकाम्या पोटी दे." आणि पुढच्या खेपेला स्वतःच्या रुखवतातली तांब्याची कळशी घेऊन आली. तेव्हापासून रोज. दिल्लीच्या थंडीत कोमट करून, उन्हाळ्यात तसंच. नंदा नाक दाबून प्यायची. "आई, नाणं चोखल्यासारखं लागतं यार हे." "यार कोणाला म्हणतेस? पी." पेला रिकामा होईपर्यंत सुमित्रा पुढ्यात उभी राहायची. तापात सुद्धा चुकवलं नाही. एक गेलं, दुसरं जाऊ द्यायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज मऊ झाला.

"देखिए, आप नहीं पिलातीं तो भी होता. ये बीमारी पानी से नहीं होती."

सुमित्राने श्वास सोडला.

"शायद थोड़ा देर से होता," त्या म्हणाल्या, आणि पुढचा पेशंट बोलावला.

*

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये परत आल्यावर सुमित्राने चहासुद्धा टाकला नाही. कळशी, देवाचं ताम्हन, पळी-पंचपात्र, हळदीकुंकवाला काढायचे दोन तांबे, सगळं जुन्या चादरीत बांधलं. ओट्याच्या कोपऱ्यात कळशी वर्षानुवर्षं टेकत आली होती. तिथे दगडावर हिरवट कडं उमटलेलं होतं. तिने चिंच लावून घासलं, मग लिंबू, मग राख. ते फिकट झालं, गेलं नाही.

"देवाचं राहू दे की," शशिकांत दारात येऊन म्हणाला. "तीर्थ द्यायचं नाही तिला, बस्स."

"नको."

"मग द्यायचं कुणाला हे?"

"कुणाला देऊ? कुणाच्या घरात देऊ?"

त्याने स्टूल आणलं आणि बोचकं माळ्यावर टाकलं. खाली उतरून तो तिथेच स्टुलावर बसला.

"हे बघ, अर्धं माझ्याकडून गेलंय आणि अर्धं तुझ्याकडून. बिल्कुल सरळ हिशोब आहे. बाई म्हणाल्याच ना, पाण्याचा संबंध नाही."

"थोडा देर से म्हणाल्या."

"बोलण्याची एक पद्धत असते गं."

"थोडा म्हणजे किती? दहावी होईपर्यंत? लग्न होईपर्यंत?"

शशिकांत उठला आणि स्टूल उचलून न्यायला लागला. विचारायला हवं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. पुढच्या वेळी विचारणार नाही, हेही.

स्वयंपाकघरातून आणखी एक गोष्ट गेली. दाण्याचा कूट. त्यातही तांबं असतं म्हणे. डब्यातला कूट तिने शेजारच्या वासंतीला देऊन टाकला. वासंती नगरची. तिचा नवरा लष्करी छावणीत सुभेदार होता, आणि मुलीच्या शाळेसाठी ती इथे सिव्हिलवाल्यांत राहायची. "आवं, कूट न्हाई तर भाजी कशी करायची माणसानं?" ती म्हणाली, मग सुमित्राचा चेहरा बघून तिने डबा घेतला. संध्याकाळी तिनेच बिनकुटाची काकडीची कोशिंबीर करून पाठवली. खोबरं घातलेलं होतं. खोबरं चालतं का, कुणालाच माहीत नव्हतं. नंदा बघत राहिली आणि सुमित्राने कोशिंबीर झाकून ठेवली.

शनिवारची साबुदाण्याची खिचडी गिळगिळीत झाली. शशिकांतने तरी दोनदा मागून घेतली.

*

गोळ्या सुरू झाल्या आणि नंदाचं बोलणं आणखी जड झालं.

आधी शब्द घसरत होते, आता अडकायला लागले. हे पोर एके काळी इतकं बोलायचं की शशिकांत तिला आकाशवाणी म्हणायचा. शाळेतून आली की दप्तर न काढता सुरू. मग गेल्या वर्षी अक्षर बिघडलं, किड्यामुंग्यांसारखं बारीक झालं. वर्गातल्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शराब पीकर लिखती है क्या?" घरी येऊन नंदाने नक्कल करून दाखवली होती आणि तिघंही हसली होती. नंतर हातातून ताट पडलं. सुमित्राने पाठीत एक धपाटा घातला होता. लक्ष कुठे असतं तुझं?

आता नक्कलही जमत नव्हती.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं प्रमाण कमी केलं. "कभी-कभी ऐसा होता है," त्या म्हणाल्या. "दवा जमा हुए ताँबे को उठाती है. उठा हुआ ताँबा थोड़ा-बहुत दिमाग़ में भी पहुँच जाता है. पहले बिगड़ता है, फिर…"

"फिर?" सुमित्राने विचारलं.

"फिर देखते हैं. कुछ बच्चों की आवाज़ लौटती है. सबकी नहीं. अगली बार पेशाब लाइए, पूरे दिन-रात का. देखेंगे कितना निकल रहा है."

सकाळी रिकाम्या पोटी गोळी द्यायची. तीच वेळ, तोच पेला. कळशीच्या जागी चिनी मातीची बरणी आली होती. पहिले काही दिवस सुमित्रा गोळी आणि पेला ठेवून लगेच आत निघून जायची. भांडी नसली तरी घासल्यासारखा नळ सोडायची. पुढ्यात उभं राहण्याचा हक्क आपला गेला, असं तिला वाटत होतं.

एका सकाळी नळाच्या आवाजातून पेल्याची टकटक ऐकू आली. नंदा तो टेबलावर आपटत होती. हाक मारायला हल्ली तिला वेळ लागायचा, म्हणून.

"काय गं? गोळी घेतली नाहीस?"

नंदाने नाही अशी मान हलवली. मग बोलायला सुरुवात केली. तिची मान एका बाजूला वळायची, जीभ वर उचलायला जोर लागायचा. सुमित्राला शब्द पुरवायचा मोह व्हायचा. तो तिने आवरला.

"तू… जाऊ… नको."

"इथेच तर आहे मी."

"इथे… नाही." नंदाने बोटाने टेबलापुढची जागा दाखवली. बोट थरथरत होतं, पण जागा बरोबर होती. "तिथे… उभी… राहा."

"कशाला? तुला ते आवडत नव्हतं."

"पाणी." तिने श्वास घेतला. "पाणी… घाण… होतं यार."

सुमित्राला हसू आलं की काय आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. नंदा मात्र तोंड वाकडं करून हसत होती. रुग्णालयात त्या दिवशी हिला सगळं कळलं होतं. बाहेरची हिंदी आईपेक्षा हिलाच जास्त कळायची. आणि एवढे दिवस ती काही बोलली नव्हती. बोलता येत नव्हतं म्हणून, की बोलायचं नव्हतं म्हणून, हे विचारायची गरज उरली नाही.

सुमित्रा टेबलापुढे जाऊन उभी राहिली. नंदाने गोळी जिभेवर ठेवली, दोन्ही हातांनी पेला धरला. अर्धं पाणी गळ्यावरून फ्रॉकवर गेलं. सुमित्राने पुसलं नाही. पेला रिकामा होईपर्यंत उभी राहिली.

*

दिवसरात्रीची लघवी जमवायला रुग्णालयातून प्लास्टिकचा कॅन मिळाला होता, खास धुतलेला. कुठल्याही धातूचा स्पर्श होता कामा नये, अशी ताकीद होती. सुमित्राने तो पांढऱ्या पंच्यात गुंडाळला, गाठ मारली आणि मुनिरक्याच्या स्टॉपवर उभी राहिली. शशिकांत नंदाजवळ घरी थांबला होता.

बस भरून आली. सुमित्रा कशीबशी चढली. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने छातीशी कॅन. वळणावर ती कलंडली, आणि सीटवरच्या एका म्हातारीने तिला सावरलं. घागरा, डोक्यावर ओढणी, पायाशी कापडी पिशवी. पानिपतहून नातवाला दाखवायला आली होती, नातू पुढे रुग्णालयात दाखल होता.

"के सै बेटी? गंगाजल?" म्हातारीने पांढऱ्या पंच्याकडे बघून विचारलं.

सुमित्राने काही उत्तर द्यायच्या आत म्हातारी अंग चोरून खिडकीकडे सरकली होती. शेजारचा माणूसही उठला होता. कॅनला पाय लागू नये म्हणून त्याने आपली चप्पल मागे ओढली.

"बैठ जा. ऐसी चीज़ खड़े-खड़े कोन्या ले जाते."

असली वस्तू उभ्याउभ्या नेत नाहीत म्हणे. सुमित्रा बसली. कॅन तिने मांडीवर घेतला. त्यात काय होतं ते तिला ठाऊक होतं. मिरजेची कळशी होती, थंडीतलं कोमट पाणी होतं, एवढ्या वर्षांच्या सकाळी होत्या. त्यातलं किती बाहेर आलं आणि किती आत राहिलं, ते लिहून यायला आठवडा लागणार होता.

"हरद्वार तै ल्याई?" म्हातारीने विचारलं.

"घर से," सुमित्रा म्हणाली.

म्हातारीने कॅनच्या गाठीला बोटं लावून ती आपल्या कपाळाला लावली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बस खड्ड्यातून गेली. सुमित्राने दोन्ही हात कॅनभोवती घट्ट केले, आतलं पाणी हिंदकळून शांत होईपर्यंत.