एकाच दाराच्या सहा किल्ल्या

आधीच सांगून टाकते, मला एक वाईट खोड आहे. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मामा म्हणतो, "तुझं नाक आधी दुकानात येतं, तू मागून दोन मिनिटांनी." मामाला बोलायला काय जातं! तो दिवसभर कुलपांशी बोलतो आणि कुलपं त्याला सगळं सांगतात. मला मात्र माणसांना विचारावं लागतं.

मामाचं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. पुढे काउंटर, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि मागे पडद्याआड किल्ल्या कापायचं मशीन. कॉलेज सुटलं की मी तिथेच, कारण राहतेही मामाकडेच. आईबाबा दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले. आईने एकीकडे घर केलं, बाबांनी दुसरीकडे, आणि दोघांनी मला शब्दाला शब्द तेच सांगितलं, "थोडे दिवस मामाकडे राहा." दर रविवारी दोघांचे फोन येतात आणि दोघंही इतक्या गोड आवाजात तेच परत सांगतात की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. अरे, नको असेन तर नको म्हणा ना! पण नाही. आणि मीही अशी येडी की दर रविवारी सकाळपासून फोनजवळ घुटमळते.

असो. विषय डुप्लिकेटचा आहे.

डुप्लिकेट हे मी ठेवलेलं नाव. माझ्याच वयाचा, उंच, खांदे पाडून चालणारा. पहिल्यांदा आला तेव्हा किल्ली काउंटरवर ठेवून म्हणाला, "ह्याची एक करून द्या. आणि खूण नको."

खूण म्हणजे आमच्या दुकानाची. मामा प्रत्येक नव्या किल्लीच्या डोक्यावर टोकदार खिळ्याने बारीक तीन ठिपके ठोकतो. बाहेर पाटीवरही तेच तीन ठिपके मोठे रंगवलेत. उद्या किल्ली अडली, घासली, तर ठिपके दाखवायचे आणि दुसरी करून घ्यायची. ह्यात गिऱ्हाइकाचंच भलं. तरी हा म्हणतो नको!

मामाने खांदे उडवले आणि बिनखुणेची करून दिली. पंधरा दिवसांनी स्वारी परत हजर. तीच किल्ली, तेच वाक्य. मग दहा दिवसांनी. मग परत. चौथ्या वेळी माझ्या डोक्यात भुंगा शिरला. एका दाराला किती किल्ल्या लागतात? घरात चार माणसं असली तर चार. ह्याच्या घरात काय वरात राहते? चोर म्हणावं, तर चोर स्वतःच्या घराच्या किल्ल्या कशाला करेल? की मैत्रिणींना वाटतोय? हा विचार मला अजिबात आवडला नाही, आणि का आवडला नाही हा विचार तर त्याहून आवडला नाही.

शेवटी मी तोंडावरच विचारलं, "आधीच्यांचं काय केलंस?"

"हरवली."

"तिन्ही?"

"एक हरवली. एक गटारात पडली. एक कुत्र्याने गिळली."

"कुठल्या कुत्र्याने?"

"शेजारच्या."

"मग कुत्र्याला डॉक्टरकडे ने. इथे काय आलास?"

तेव्हा तो हसला. हसला की ह्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा होतो, हे मला तेव्हा कळलं आणि मग विसरता येईना. त्या दिवसापासून त्याने माझं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं.

पुढे तो किल्ली नको असली तरी यायला लागला. मामाने त्याला कानस दिली, कापलेल्या किल्लीची धार घासून गुळगुळीत करायला. "हात स्थिर आहे पोराचा," मामा म्हणाला. एवढं कौतुक त्याने माझं सात जन्मांत केलं नसतं. पडद्याआड आम्ही दोघं शेजारी बसून किल्ल्या घासायचो, कपड्यांवर पितळेचा भुगा पडायचा, आणि मी माझं सगळं सांगून मोकळी झाले. दोन घरं, रविवार, थोडे दिवस, सगळं. तो ऐकायचा छान. स्वतःचं मात्र काही सांगेल तर शपथ!

मग तो पाचवी घेऊन गेला, आणि सहावीला मी ते केलं. मामा बाहेर कुणाचं तरी अडकलेलं कुलूप उघडायला गेला होता. डुप्लिकेट म्हणाला, "खूण नको हं." मी म्हटलं, "माहितीये रे बाबा." त्याला पाणी आणायला पाठवलं आणि खिळा घेऊन टक टक टक, ठोकले तीन ठिपके. अगदी बारीक. का केलं? दुसरं कारण नाही, चौकशी. ही खूण कुणाला तरी दिसेल, कुणीतरी काहीतरी बोलेल आणि मला छडा लागेल. त्याने न बघताच किल्ली खिशात टाकली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

दोनच दिवसांनी त्याने स्वतःहून सांगितलं.

दुकानाच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. त्याने बूट काढून दगड झटकला आणि बुटाकडेच बघत बोलायला लागला. त्याचे बाबा आईशी भांडले की तिच्या पर्समधली घराची किल्ली काढून घेतात. म्हणतात, "आता बेल वाजव, मग बघू." आई हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या खात्यात काम करते. ड्युटी संपवून येते आणि जिन्यात उभी राहते. बाबा घरी असले तर मुद्दाम उघडत नाहीत. घरी कुणी नसलं तर हा येईपर्यंत ती तिथेच, पिशवी धरून. शेजारी येता-जाता बघतात.

"म्हणून तू नवी करून पर्समध्ये ठेवतोस," मी म्हटलं.

"हो."

"आईला माहितीये?"

त्याने बूट परत पायात चढवला. मग म्हणाला, "तिला वाटतं बाबा परत ठेवतात."

मला आधी कळलंच नाही.

"ती मावशीला फोनवर सांगत होती. म्हणाली, ते मनाने वाईट नाहीत गं. तोंडाने माफी मागत नाहीत, पण दोन दिवसांनी किल्ली गुपचूप परत ठेवतात. हे सांगताना ती हसत होती. मी कसं सांगणार? म्हणून तर खूण नको म्हणायचो. बाबांना वाटतं, आईच नवीन करून घेते. दोघं एकमेकांशी बोलत असते तर कधीच कळलं असतं."

"सांगून टाक ना तिला!"

"सांगितलं तर ती एक दिवस राहणार नाही. मावशी कधीची बोलावतेय. आठ तासांचा प्रवास आहे, चौकशी खिडकी. मग मी तिकडे आणि तू इथे."

आणि त्याने माझा हात धरला. सहा महिने मी ज्याची वाट बघत होते ते झालं, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र पर्समधली ती किल्ली आली. ते तीन ठिपके! तेव्हाच सांगायला हवं होतं. दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं. सांगितलं तर तो हात सोडेल, एवढीच भीती. मी सरळ सरळ घाबरट निघाले.

चौथ्या दिवशी त्या आल्या.

मामा बाहेर गेला होता. डुप्लिकेट पडद्याआड कानस चालवत होता. बाई काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. पाण्यात राहून राहून बोटांना सुरकुत्या पडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी किल्ली पुढे सरकवली. ती किल्ली मी झोपेतही ओळखली असती.

"हे तीन ठिपके तुमचेच ना गं? बसमधून रोज पाटी दिसते."

"हो काकू. अडते का?"

"छे, छान चालते. मला नुसतं विचारायचं होतं." त्या चक्क लाजल्या. "ही करून न्यायला कोण आलं होतं, आठवतं का तुला? उंच आहेत, मिशी आहे, बोलताना खाली बघतात. आमचे हे."

मागे कानस थांबली.

"आधीच्या किल्ल्यांना काही नव्हतं," काकू सांगत होत्या, "मला वाटायचं, काढून घेतलेलीच परत ठेवतात. आता ही बघितली आणि म्हटलं, अगं बाई, नवीन करून आणतात! एवढी वाट वाकडी करून! माझी बहीण म्हणते, तू उगाच त्यांना चांगलं म्हणतेस. म्हटलं, एकदा विचारून यावं आणि तिला सांगावं."

पडद्याच्या फटीतून तो दिसत होता. मान हलवत होता, नको, नको. मग त्याने माझ्यापुढे हात जोडले.

एक 'हो' म्हणायचं होतं. नुसतं 'हो काकू, तेच आले होते.' बाई आनंदाने घरी गेल्या असत्या. तो उद्या आला असता, परवा आला असता, माझ्या शेजारी बसला असता. कुणाचं काय बिघडलं असतं? मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू, मला तो इतका हवा होता की 'हो' जिभेवर येऊन बसलं होतं.

पण त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. तो चेहरा मला पाठ आहे. रविवारी फोन वाजला की मी आरशासमोरून धावते, तेव्हा तोच दिसतो. कुणीतरी आपल्याला गोड बोलून जिन्यात उभं करून ठेवलंय, आणि आपण त्यांचंच कौतुक करतोय.

"नाही काकू," मी म्हटलं. "असं कुणी कधीच आलं नाही."

"मग?"

पुढचं माझ्याच्याने बोलवेना. बोलावं लागलंही नाही. पडदा सरकला आणि तो बाहेर आला, हाताला पितळेचा भुगा लागलेला.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सहाही."

त्या स्टुलावर बसल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि हातातच धरून ठेवला. "मी इतके दिवस त्यांना मनातल्या मनात माफ करत होते रे," त्या हळूच म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. आणि ते तुझं होतं होय सगळं."

"तुला बरं वाटायचं म्हणून, आई."

"वाटायचं. खूप बरं वाटायचं." मग त्यांनी डोळे पुसले, ग्लास ठेवला आणि उठल्या. "चल. हे यायच्या आत बॅगा भरू."

किल्ली काउंटरवरच राहिली. तो माझ्यासमोर थांबला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"तू खूण केलीस."

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

तो आईच्या मागे निघून गेला. खांदे पाडूनच.

मी मामाला सगळं सांगितलं, रडत रडत, नाक पुसत. मामाने किल्ली उलटीसुलटी करून बघितली. "खूण केलीस ते चुकलं," तो म्हणाला. "खरं बोललीस ते बरोबर. आता रडायचं तेवढं रड, पण पुढचं गिऱ्हाईक आलं की डोळे पूस."

त्याच रात्री दोघं मावशीकडे गेले. फोन नाही, काही नाही. मी रोज त्याचा नंबर काढायची आणि परत ठेवून द्यायची. आपण त्याचं घर मोडलं, आपणच त्याला आठ तास लांब धाडलं, आणि आता काय विचारणार, जेवलास का? मामासुद्धा माझ्या नाकाची थट्टा करीनासा झाला. त्यावरून ओळखा.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी दुकानात फोन वाजला.

"आई झोपलीये," तो म्हणाला. नमस्कार नाही, हॅलो नाही. "दुपारची झोपते इथे. आणि घोरते. इतक्या वर्षांत मी तिला कधी घोरताना ऐकलं नव्हतं. मावशी म्हणते, ट्रॅक्टर आणलास की काय घरात!"

मी हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. मामाने डोळे वटारून गिऱ्हाइकाला बाहेर नेलं.

"फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"राग आला होता."

"गेला?"

"नाही." तो थांबला. मागे कुणीतरी खरंच घोरत होतं. "अजून आहे. खूप आहे. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय करमत नाही, त्याला काय करू?"

"तू रागावूनच फोन कर," मी म्हटलं. "पण रोज कर."