उष्टावणाआधीचा घास

खोटं बोलल्या असत्या तरी मला कळलं नसतं. पण माझी पोर दिवसभर सांभाळणाऱ्या गोजरबाईंनी दारातच सांगून टाकलं.

"पुष्पा, छकुलीले म्या वरणभात चारला. दोन घास."

"काऊन?" मी ओरडलेच. "परवा उष्टावण हाय तिचं! पहिला घास मामाचा असते. तुम्हाले मालूम नाही का, मावशी?"

"मालूम हाय माय. पण दूध सरलं. लेकरू रडून रडून निळं पडून राह्यलं होतं. मले नाही पाह्यवलं."

सहा महिन्यांच्या पोरीला मी सहापर्यंत पुरेल एवढंच दूध दिलं होतं आणि आले साडेसातला. मार्चअखेर, ऑफिसात साहेबांनी थांबवून घेतलं. कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटरनं नाही कसं म्हणायचं? चूक माझी, पण चोराच्या उलट्या बोंबा. "उद्यापासून आणत नाही," मी म्हणाले आणि छकुलीला उचलून निघाले.

रविवारी सासरी, सुलतानपूरला, माझ्या भावानं, हर्षलनं, अंगठीनं खीर चाटवली. छकुलीनं सराईतासारखं तोंड उघडलं. "कित्ती शहानी वं!" सासूबाई हरखल्या. कुठलं आभाळ कोसळलं होतं? माझी मलाच लाज वाटली.

मग आठवडाभर रजा टाकून बुलढाण्यातली पाळणाघरं पालथी घातली. मला सापडली दोनच. एकात दोन वर्षांखालचं मूल घेत नाहीत. दुसऱ्यात घेतात, पण फी अर्ध्या पगाराहून जास्त आणि पाचला कुलूप. अंगणवाडीला अजून अडीच वर्षं. सासूबाईंच्या मागे शेत. "सोड मंग नोकरी," नवरा जेवता जेवता म्हणाला. ताटातली मिरची बाजूला काढावी इतक्या सहज. सोमवारी हजर झाले नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

म्हणून आदल्या संध्याकाळी पुन्हा गोजरबाईंचं दार वाजवलं.

"चुकलं माह्यं, मावशी. उद्यापासून ठेवता का हिले?"

"तुह्यं काय चुकलं? माय हायेस तू." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "पण तान्हं लेकरू आता नाही ठेवत मी. शेजारच्या पोरालेही नाही म्हटलं. घास चाराले गेली का तुह्यं वरडणं कानात येते."

तेवढ्यात छकुलीनं ओळखीचा आवाज ऐकून कडेवरून त्यांच्याकडे झेप घेतली. मी तिला आवरलं नाही, उलट थोडी पुढेच केली.

गोजरबाई तिच्याकडे बघून हसल्या. हात मात्र त्यांनी पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.