बदक म्हणून विकलेला कोंबडा

नरपडच्या हरिश्चंद्र मिस्तरींनी आयुष्यात एकच कोंबडा केला आणि तो बदक निघाला. हे दुःख त्यांनी अडतीस वर्षं उराशी धरलं होतं. लोक जमीन गेल्याचं, भाऊ तुटल्याचं दुःख धरतात. मिस्तरींचं हे असं. तुम्हाला हसायचं असेल तर हसा, त्यांची बायको गोदूबाई रोज हसायची.

मिस्तरी आशागडला फुग्यांच्या कारखान्यात साचे करायचे. फुग्याला कसला आलाय साचा, असं वाटेल. पण फुगा जन्माला येतो तो साच्यावरच. लाकडाचा साचा रबराच्या पांढऱ्या चिकात बुडवायचा, वर काढायचा, वाळला की साल सोलावी तसा फुगा उतरवायचा. साचा मुठीएवढा आणि फुगा कलिंगडाएवढा. म्हणजे लहान वस्तू कोरताना साचेवाल्याला मोठी दिसावी लागते. शिवणीच्या लाकडावर पटाशी टेकवली की हरिश्चंद्रांना ती दिसायची. ससा, मासा, भोपळा, विमान, सगळं त्यांच्या हातून उतरलं आणि जत्राजत्रांतून गावोगाव गेलं. जेवायला त्यांना तीनदा हाक मारावी लागे. ते दिवस आठवले की अजूनही त्यांचा अंगठा आपोआप बोटावर घासू लागायचा, जणू पॉलिश पेपर हातातच आहे.

कोंबडा कोणी मागितला नव्हता, तो त्यांनी हौसेने केला. गोदूबाईचा कोंबडा चार दिवस पडवीत पायाला दोरी लावून समोर बसवला. कोंबडा बिचारा वैतागला, गोदूबाई त्याहून वैतागली. पण तुऱ्याचं टोकन् टोक लाकडात उतरलं. त्या मूळ साच्यावरून हाताखालच्या माणसांनी चोवीस साचे काढले, ते एका फळीवर उलटे ठोकले आणि फळी चिकात बुडाली. पहिला फुगा म्हाताऱ्या शेठनी स्वतः तोंडाने फुगवला. पोट आलं, शेपूट आली, चोच आली. तुरा काही आला नाही, तो डोक्यातच बसून राहिला. शेठनी फुगा चारी बाजूंनी मायेने पाहिला आणि म्हणाले, “हरिश्चंद्र, आ तो बतक छे.”

अख्खा कारखाना हसला. मिस्तरींनी तुरा आणखी उंच केला, टोकं आणखी धारदार केली, तरी बदक ते बदकच. आणि नशिबाची थट्टा बघा, ते बदक धडाक्यात खपलं. जो तो व्यापारी आशागडचं बदक मागू लागला. रस्त्यात एखाद्या पोराच्या हातात ते दिसलं की मिस्तरी मान वळवून दुसरीकडे बघायचे.

यंदा होळी झाल्यावर नविनचा फोन आला. नविन म्हणजे त्या शेठचा मुलगा, आता कारखाना तोच बघतो. जुनी शेड रिकामी करतोय, यापुढे फक्त गोल छापील फुगे करणार, असं तो म्हणाला. तुमचे साचे पोत्यांत भरलेत, काका, हवे ते घेऊन जा, बाकीचे जळणात जातील. मिस्तरी दुसऱ्याच दिवशी डहाणूला रिक्षा बदलून आशागडला पोचले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की तो मूळ कोंबडा शोधायचा आणि आपल्या हाताने आगीत घालायचा. आपली लाज दुसऱ्याने का जाळावी?

शेडमध्ये पोत्यांशी जानी बसली होती. ती गंजाडकडच्या पाड्यावरची. तीस वर्षं तिने फळ्या बुडवल्या होत्या. आता तिची सून पुष्पा पॅकिंगला येते, पण कुठला साचा कुठल्या फळीचा हे जानीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून नविनने तिला बोलावून घेतलं होतं. जानी सगळ्यांनाच अरेतुरे करायची, म्हाताऱ्या शेठनाही करायची.

तिसऱ्या पोत्यात कोंबडा सापडला. मिस्तरींनी तो उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मूळ साचा चिकात कधीच जात नाही, तो नुसता खुंटीवर टांगलेला असतो. याच्या मानेभोवती मात्र वाळलेल्या चिकाची पांढरी कड होती आणि लाकूड हाताळून हाताळून काळपट झालं होतं.

काही असो, असं म्हणून ते जळणाच्या ढिगाकडे वळले. जानीने साचा त्यांच्या हातातून काढून घेतला.

“कोंबडा जाळतंस, मिस्तरी?”

“कोंबडा कुठला, बदक आहे ते.”

“बदक फळीवं व्हता. माझे हातावं कोंबडाच व्हता.”

मग तिने जे सांगितलं ते असं. सुट्टी झाली की टाकीच्या तळाला थोडा चीक उरायचा. पोरांना न्यायला एखादा फुगा करावा म्हणून ती खुंटीवरचा साचा काढून त्यात बुडवायची. फळीवर साचे डोकं खाली करून लटकतात, म्हणून सगळा चीक तुऱ्यात उतरतो आणि तिथेच जाड होतो. जाड रबर फुगत नाही. जानी साचा बाहेर काढला की लगेच तुरा वर करून धरायची आणि चीक थिजेपर्यंत हातात धरून उभी राहायची. चीक पोटाकडे जायचा, तुरा पातळ राहायचा, आणि फुंकर मारली की आधी तुराच उठायचा.

“मग सांगितलं का नाहीस?” मिस्तरींचा आवाज चढला.

“मला कोनी इचारला?” जानी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

खरंच होतं ते. साचेवाले पंख्याखाली वेगळ्या खोलीत बसायचे. मिस्तरी या शेडमध्ये येत ते फक्त कोणाच्या हातून साचा पडला तर ओरडायला. आठवून त्यांना लाज वाटली, आणि अडतीस वर्षं फुकट कुढल्याचा संतापही आला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण याचं उजाडायला फारच वेळ लागला होता.

जानी आपल्याच नादात होती. तिच्या भावाच्या, सुक्याच्या लग्नात मांडवाला असे तीन फुगे बांधले होते म्हणे. “आमचा खराखुरा कोंबडा त्याला बघून पिसां फुलवून धावला. चोच मारली, तर फट! दोन दिस कणगीखाली लपून बसला व्हता.”

मिस्तरी खालीच बसले. चार दिवस पडवीत बांधलेला तो कोंबडा त्यांना आठवला. खऱ्या कोंबड्याला ज्याचा हेवा वाटला असा कोंबडा त्यांनी केला होता, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

गोल फुग्यांच्या टाकीत चीक होताच. नविनने नको म्हटलं नाही. जानीने साचा बुडवला, तुरा वर करून धरला आणि दाराशी उन्हात उभी राहिली. हात दुखला तेव्हा मिस्तरींनी साचा घेतला. कसा धरायचा ते तिने त्यांचं मनगट फिरवून दाखवलं. मग फुगा तासभर वाळवायच्या भट्टीत गेला. तो सोलून पावडर लावून हातात आला, तेव्हा मिस्तरींची छाती फुगवण्याइतकी राहिली नव्हती, म्हणून तो नविनने फुगवला. पहिल्या फुंकरीला तुरा उठला. पाचही टोकं आली. नविन काहीतरी बोलणार होता, पण तोंडात फुगा होता.

मिस्तरींनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग परत पोत्याकडे गेले, खांद्यापर्यंत हात घालून तळाचा एक साचा काढला आणि धूळ झटकली. मोर होता. नमुन्याच्या फुग्यात त्याचा पिसारा उघडला नव्हता, म्हणून फळीपर्यंतही तो गेला नव्हता.

“जानीबाय,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला ‘ए जानी’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. “हा बघ. याचं काय चुकलं?”

जानीने मोर घेतला, उलटा केला, सुलटा केला, पिसाऱ्यावरून अंगठा फिरवला.

“बस,” ती म्हणाली. “याला येळ लागंल.”