खिडकीकडची खुर्ची

माटेच्या कडू पाल्याचा चहा ओढायची नळी, ओठाला चटका देणारी.

आकाशात माळेसारखे फिरणारे उपग्रह. प्रत्येकाने लेसरने शेजाऱ्याला धरून ठेवलेलं.

एक पिवळी होडी.

तापलेली मान, पण दुसऱ्याच कुणाची तरी.

कोर्दोबाच्या डोंगरातल्या उपग्रहांच्या नियंत्रण-कक्षात नोएमीचा फोन वाजला. दक्षिणेच्या समुद्रावरून, आपल्या पिवळ्या होडीतून, तिचे बाबा बोलत होते.

"पोरी, धुक्यात नाकापुढचं दिसत नाही. उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र म्हणतंय, खाडीचं तोंड समोर आहे. घुसू का? डावीउजवीकडे खडक आहेत, ठाऊक आहे ना?"

"जरा थांबा, बाबा."

तिने पडदे पाहिले. सगळं हिरवंगार.

"चे, नोएमी, म्हाताऱ्याला सांग, खुशाल ये," शेजारच्या खुर्चीवरचा ओस्वाल्दो किटलीतून पाणी ओतत म्हणाला. "आपले उपग्रह एकमेकांना केसभर हलू देत नाहीत."

"जमिनीवरून लेसरचा किरण सोडून ते जागेवर आहेत का, हे शेवटचं कधी पाहिलंस?"

"इतके दिवस ढग होते ना. आणि हवंय कशाला? आपसात जुळतायत की सगळे!"

माटेचा भोपळा, सगळ्यांत मिळून एकच पेला, फिरत तिच्याकडे आला, नेहमीसारखाच ओस्वाल्दोकडून. तिच्यानंतर मिर्ता, हेही नेहमीचंच. कोमट वाफेत तिचे डोळे मिटले. कुठेतरी काहीतरी कमी होतं. रोज या वेळी तिच्या मानेवर ऊन असतं.

तिने डोळे उघडले. ऊन मिर्ताच्या मानेवर होतं.

"तू खुर्ची बदललीस?" तिने ओस्वाल्दोला विचारलं.

"किटली हाताशी हवी होती, म्हणून एक खुर्ची मागे सरकलो. मग तुम्हीही सरकलात. माटेचा क्रम कोण मोडणार, बाई?"

कुणाचा शेजारी बदलला नव्हता. फक्त खिडकी बदलली होती.

नोएमीने भोपळा परत दिला. "आभार."

मिर्ता दचकली. माटे परत देताना आभार मानले, की त्याचा अर्थ आता बास. "एकाच घोटात? बरं वाटत नाही का ग?"

नोएमी फोनवर होती. "बाबा, नांगर टाका. घुसू नका."

"यंत्र तर म्हणतंय—"

"यंत्राचं नाही, माझं ऐका."

बाहेर आभाळ निरभ्र होतं. नोएमीने सोडलेला किरण जमिनीवरून वर गेला, एका उपग्रहाला शिवून परतला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. पडद्यावर अख्खी माळ जमिनीच्या मानाने हळूच कललेली दिसली, झोपेत कूस बदलावी तशी. कुणीच कुणाचा हात सोडला नव्हता.

ओस्वाल्दोने किटली खाली ठेवून पडदा जवळ ओढला.

बऱ्याच वेळाने फोनवर बाबांचा आवाज आला. "धुकं विरतंय. नाकासमोर खडक आहे ग. त्यावर बसलेले पक्षी माझ्याकडेच बघतायत."

उपग्रह असताना हवंय कशाला, म्हणून खाडीच्या तोंडावरचं दीपगृह आदल्या उन्हाळ्यातच बंद करण्यात आलं होतं.