सोंड्यांचा डबा

आमच्या घराचं आणि सोंड्यांचं वैर जुनं आहे. तांदळात इवलीशी सोंड पुढे करून फिरणारा तपकिरी किडा दिसला की माझी आई शेवंती सूप घेऊन गॅलरीत ठाण मांडते, आणि मग तिच्याशी कुणी बोलायला जात नाही. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे मी, मेघना, परळच्या एका प्रयोगशाळेत पगार घेऊन हेच सोंडे पाळते. काळाचौकीच्या आमच्या चाळीत आई एवढंच सांगते की मेघना औषधावर काम करते. किड्यांचा विषय ती काढत नाही. उगाच शोभा नको.

तसं ती खोटं बोलत नाही. सोंड्याच्या शरीरात एक प्रथिन असतं, ते एका एन्झाइमचं काम बंद पाडतं. तशाच जातीचं एक एन्झाइम माणसाच्या फुप्फुसात माजलं की फुप्फुसाचा लवचीकपणा खाऊन टाकतं. माझे बाबा गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते, एकवीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेली. आता तिसरा मजला चढताना ते दोनदा थांबतात आणि दोन्ही वेळा चप्पल सारखी करतोय असं दाखवतात. त्यांना मी औषधाचं कधी कबूल केलं नाही. औषध व्हायला दहा-बारा वर्षं लागतात आणि बहुतेक वेळा होतच नाही. खोटी आशा दाखवणाऱ्यांचा मला संताप येतो.

सोंडे पाळायचे तर त्यांना खायला लागतं. बाजारातल्या तांदळावर ते पटापट मरायचे, कारण गोदामात धान्याला औषधाची धुरी देतात. मग मी घरचा तांदूळ नेऊ लागले. दर मे महिन्यात कणकवलीहून आमचं पोतं येतं. आई त्यातला एक डबा भरून मला द्यायची, तो मी परळला न्यायचे. तीन वर्षं हेच चाललं होतं. किडे खाऊनपिऊन सुखी होते, त्यांच्यातून काढलेलं प्रथिन एन्झाइमला छान अडवत होतं, आणि येत्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख ऋता मॅडम एका इस्पितळाच्या छातीच्या डॉक्टरांपुढे ते मांडणार होत्या. डॉक्टर हो म्हणाले तर पेशंटचे नमुने मिळून काम पुढे जाणार होतं, नाही म्हणाले तर तीन वर्षं कपाटात.

आई त्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाला गावी गेली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आले, तर बाबांनी गॅलरीत पेपर पसरले होते. नवं पोतं पुढ्यात घेतलं होतं आणि ते दोन्ही हातांनी तांदळाला पांढरी पावडर चोळत होते.

"बोरिक," ते म्हणाले. "दरवर्षी लावतो. तू लहानपणी नाही का मदत करायचीस?"

करायचे. पाचवीत असताना कोपरापर्यंत पांढरी होऊन करायचे. किडे लागू नयेत म्हणून तांदळाला बोरिक पावडर लावून ठेवायची आणि शिजवताना चार पाण्यांत धुवायचा, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की ते लक्षातही राहत नाही. मी न्यायचे तो डब्यातला तांदूळ मात्र धुतलेला नसायचा. आणि बोरिकमुळे काही एन्झाइमं मंदावतात, हे मी स्वतः एम.एस्सी.च्या पेपरात लिहून मार्क घेतले होते.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. म्हणजे तीन वर्षं मी जे मोजत होते ते सोंड्यांचं प्रथिन होतं, की बाबांची बोरिक पावडर? किडे मेले नव्हते खरे, पण पावडर थोडी असेल तर काही जगतातही, आणि मागच्या वर्षी प्रयोगशाळेत किड्यांच्या दोन बरण्या दगावल्या होत्या. बाबांना विचारलं, माझ्या डब्यालाही लावायचात का? ते म्हणाले, सगळ्यालाच लावतो, डबा तुझी आई भरते. आईला फोन लावला. गावच्या घरात रेंज नाही, ती पार वर, डोंगरमाथ्याच्या सड्यावर येते, आणि लग्नघरातून सड्यावर कोण चढतंय? सहा वेळा लावून मी फोन आपटला. काच फुटली नाही, एवढंच.

शनिवारी सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून मी तयारीनिशी गेले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सोमवारी दुसऱ्या कुणी विचारण्यापेक्षा आज आपणच विचारू. करून बघ."

मागचा तांदूळ किड्यांनी केव्हाच फस्त केला होता, त्यामुळे तो तपासता येत नव्हता. पण किड्यांचा जुना अर्क फ्रीझरमध्ये होता. तो मी बारीक छिद्रांच्या पातळ पिशवीत भरला आणि पिशवी स्वच्छ द्रावणात बुडवून ठेवली. बोरिकसारखं बारीकसारीक काही असेल तर ते छिद्रांतून बाहेर निघून जातं, प्रथिन मोठं असल्यामुळे आत राहतं. उद्यापर्यंत द्रावण बदलत राहायचं. आई मोडाच्या मटकीचं पाणी बदलते तसं मी ते चार वेळा बदललं.

रविवारी सकाळी चाचणी लावली. आमच्या चाचणीत एन्झाइम मोकळं असलं की प्लेटच्या खळग्यातलं पाणी पिवळं होतं, अडवलं गेलं की पांढरंच राहतं. एका रांगेत नुसतं बोरिक होतं, शेजारच्या रांगेत धुतलेला अर्क. पाच मिनिटांत दिसलं की बोरिकच्या रांगेतही रंग अडखळतोय. मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या.

अर्ध्या तासाने धुतलेल्या अर्काची रांग पांढरीच होती. पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत. मशीनने आकडे दिले, मी ते जुन्या वहीतल्या आकड्यांशी लावून बघितले, मग मॅडमनी बघितले, मग पुन्हा मी. प्रथिन खरं होतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि लाज सोडून सांगते, मी डोळे पुसले. मॅडमनी तेवढ्यात खिडकीबाहेर बघण्याचं सोंग केलं.

एक गोष्ट मात्र समजेना. जुन्या अर्कात बोरिक असतं, तर ते धुऊन गेल्यावर जोर थोडा तरी उतरायला हवा होता. आकडे केसभरही हलले नव्हते. म्हणजे बोरिक त्यात मुळात नव्हतंच. मग बाबा सगळ्यालाच लावत होते, तर माझा डबा सुटला कसा?

दुपारी आईचा फोन आला. सहा मिस कॉल बघून ती घाबरली होती, तिला वाटलं बाबांचं काही झालं. बाबा ठीक आहेत हे सांगून मी विचारलं, माझ्या डब्यातल्या तांदळाला तू बोरिक लावायचीस का?

"किड्यांका बोरिक कोण लावता गो?" आई म्हणाली. "मरतले नाय ते? तुझे तांदूळ मी पोतां सोडल्याबरोबर आधी काढून ठेवतंय. पलंगाखाली. ह्या वर्साचेय काढूनच गावाक इलंय."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलूचा काय? त्या डब्यातले सोंडे माझ्या गव्हात येतत, ता तरी बोललंय?"

दोन वर्षं आमच्या पोळीच्या गव्हात सोंडे निघत होते. मी प्रत्येक वेळी तोंड सोडलं होतं. आई, आता वय झालं तुझं, हात ढिला पडला, आधी असं नव्हतं. ती मान खाली घालून गहू निवडत बसायची. जिने जन्मभर घरात एक किडा टिकू दिला नाही, ती माझ्यासाठी पलंगाखाली सोंडे वाढू देत होती, आणि वर माझीच बोलणी खात होती. मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तरीही मी हसत होते, कारण दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर श्वास आला होता.

मी तिची माफी मागितली. तिला ते नीटसं ऐकू आलं नाही, सड्यावर वारा होता. तिने विचारलं, "मगे झाला काय औषध?"

"नाही गं. अजून दहा वर्षं तरी."

"धा वर्सां माझ्या गव्हात सोंडे," ती म्हणाली. "बरां तर. बाबांका सांग, पलंगाखालच्या डब्याक हात लावू नको म्हणान."